दोष शोधणे आणि दोष देणे

‘दोष’ हा शब्द आपण दोन क्रियापदांबरोबर वापरतो. दोष शोधतो आणि दोष देतो. बोलताना या दोन्हींत फारसा फरक करत नाही. घरात काही फुटले, हिशेब चुकला, ठरलेले लग्न मोडले, की ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न आधी येतो. ‘दोष कुठे आहे?’ असे क्वचितच कोणी विचारते. पण शोधणाऱ्याला उत्तर अजून ठाऊक नसते, आणि देणाऱ्याला ते आधीच ठाऊक असते. ही दोन कामे एकाच माणसाला एकाच वेळी करता येतील का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याचे कारण मला एका लाकूड कोरणाऱ्या मशीनीपाशी नीट उमगले, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी आणि मोठा बाजार नागपूरचा. माझा भाचा सावरगावला राहतो. घराच्या मागच्या खोलीत, टेबलावर मावेल एवढी सीएनसी मशीन त्याने मांडली आहे. कॉम्प्युटरवर आकृती तयार करायची, आणि मशीन ती फिरत्या बिटाने लाकडात कोरते. दारावरच्या नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या अशी कामे वर्षभर चालतात. पोळ्याच्या आधीचे दोन महिने मात्र फक्त बैल. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान लेकरे लाकडाचे बैल सजवून ओढत नेतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली असे सांगतात. भाचा सागवानाच्या फळीवर बैलाची उजवी बाजू कोरतो, मग डावी, आणि दोन्ही एकमेकींना चिकटवून चाकांच्या पाटावर उभा करतो. मशीनीचा हप्ता या दोन महिन्यांच्या कमाईतूनच फिटतो.

एका वर्षी ऐन श्रावणात बैल बिघडू लागले. पाय आणि पोट अगदी बरोबर, पण वशिंडापासून पुढचे सगळे कोरीव काम बाजूला सरकलेले. कधी दोन मिलिमीटर, कधी चार. दोन बाजू जुळवल्या की एका बैलाला दीड वशिंड दिसायचे. पाच-सहा फळ्या वाया गेल्या, आणि सागवान काही फुकट मिळत नाही.

मग जो तो आपापले सांगू लागला. विकणाऱ्याने फोनवर सांगितले की तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होत असेल. वायरमन म्हणाला, लाइट ठीक आहे, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल. गल्लीतले म्हातारे सुतारकाका म्हणाले, “पावसाळ्यात लाकूड फुगतेच. हे तुमच्या कॉम्प्युटरले कसं समजंन?” आणि घरातल्यांनी बोट दाखवले ते मदतीला येणाऱ्या पोराकडे. बारावी झालेला, अबोल, नदीपलीकडून पांढुर्ण्याहून सायकलने येणारा. फळी टेबलाला शिकंज्याने आवळायचे काम त्याचे. “यानंच फळी ढिली ठेवली असंन,” हे वाक्य पहिल्या दिवशी शंका म्हणून आले आणि तिसऱ्या दिवशी निकाल झाले. उद्यापासून येऊ नको असे त्याला सांगायचे ठरत होते.

भाच्याने तोवर तीन उपाय केले होते, पण तिन्ही एकाच दुपारी. मशीनीचा वेग कमी केला, नवी केबल लावली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले. एक दिवस काम नीट झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कशाने बरे झाले होते आणि कशाने बिघडले, काही कळेना. मी त्या आठवड्यात तिथेच होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मी वहीत लिहीन, एवढेच ठरवून आम्ही पुन्हा सुरुवात केली.

पहिली तपासणी मापाची. मशीनीला शंभर मिलिमीटर आडवे जायला सांगितले आणि पट्टी लावली. शंभरच भरले. म्हणजे हिशेब बरोबर होता. दुसरी, लाकूड न लावता पूर्ण बैल हवेतच कोरायला लावला. शेवटी बिटाचे टोक निघाले त्याच ठिपक्यावर परत आले. म्हणजे आकृतीत आणि सॉफ्टवेअरमध्ये खोट नव्हती. तिसरी, टाकाऊ लाकडावर, फळी मी स्वतः आवळून पाहिली, आणि तिच्या कडेला पेन्सिलीने टेबलावर रेघ मारली. कोरीव काम सरकले, फळी रेघेवरच होती. पोरगा इथेच निर्दोष ठरला होता, पण घरात कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. चौथी, लाइट पूर्ण बंद करून आडव्या आणि उभ्या मोटरच्या वायरी बोर्डावर एकमेकींच्या जागी लावल्या. बिघाड बोर्डात असता तर तो वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला असता. तो जागचा हलला नाही. आता उरली फक्त आडवी मोटर आणि तिच्यापुढचे लोखंड.

मोटरचा दांडा आणि पुढचा लांब आट्यांचा दांडा यांना जोडणारे बोटाएवढे कपलिंग असते. त्यात बारीक स्क्रू असतात, ते दांड्याला घट्ट धरतात. भाच्याने काळ्या मार्करने मोटरचा दांडा, कपलिंग आणि आट्यांचा दांडा या तिघांवरून एक सरळ रेघ ओढली आणि मशीन चालवली. बैल सरकला तेव्हा पाहिले, तर रेघ तुटली होती. कपलिंगपर्यंत सरळ, आणि आट्यांच्या दांड्यावर अर्धा फेर मागे. त्या दांड्याच्या एका फेऱ्यात मशीन आठ मिलिमीटर सरकते, अर्ध्या फेऱ्यात चार. वहीतले चार मिलिमीटर आणि डोळ्यांसमोरचा अर्धा फेर तंतोतंत जुळले. एक स्क्रू ढिला होता. ॲलन पान्याने आवळायला मिनिटभरही लागले नाही.

कॉम्प्युटर म्हणत होता, मी सांगितले. ते खरे होते. मोटर म्हणत होती, मी फिरले. तेही खरे. आट्यांचा दांडा म्हणत होता, मला कोणी फिरवलेच नाही. तेही खरेच. तिघांतले कोणी खोटे बोलत नव्हते. खोट होती ती दोघांमधल्या जोडात, आणि तीही फक्त भार आल्यावर दिसणारी. हवेत कोरताना जोड टिकत होता. सागवानाच्या गाठीशी बिट भिडले की घसरत होता. माणसांमाणसांतले कितीतरी बिघाड असेच असतात. सासू खरी, सून खरी, आणि सुखाच्या दिवसांत सारे ठीक. घरात आजारपण आले की जोड घसरतो, आणि मग आपण दोघींपैकी एकीचा स्वभाव तपासायला बसतो.

अशा मशीनीचा आणखी एक गुण मला विचार करायला लावतो. ती आपण कुठे आहोत हे पाहत नाही, दिलेले हुकूम मोजते. मोटरच्या एका फेऱ्याला दोनशे पावले. इतकी पावले टाकायला सांगितली, म्हणजे तितकी पडलीच, असे ती धरून चालते. एक पाऊल हुकले की पुढचे प्रत्येक पाऊल तेवढेच चुकीच्या जागी पडते, आणि तिला अखेरपर्यंत पत्ता नसतो. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत 1952 मध्ये आकड्यांवर चालणारी पहिली मिलिंग मशीन दाखवली गेली, तेव्हा ती भोकांच्या पट्टीवर चालत असे, आणि तिचा कारभार भल्यामोठ्या कपाटांत मावत होता. पण ती प्रत्येक हालचालीनंतर ‘पोचलास का?’ असे विचारून घेत असे. घरगुती स्वस्त मशीनीत हे परत विचारणेच काटलेले आहे. सांगितले म्हणजे झाले, या समजुतीवर चालणारी घरे आणि कचेऱ्या आपण पाहतोच.

स्क्रू सापडला त्या संध्याकाळी पोरगा चहा पिता पिता म्हणाला, “मावशी, मले दोन दिवस आधीपासूनच तिकून टक-टक आवाज येऊन रायला होता.”

“मग सांगितलं काहून नाही रे?”

“सांगतलं असतं तं म्हटले असते, तूच काही केलं असशीन.”

त्याच्या या उत्तरात माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. बिघाडाची पहिली खबर त्याच्याकडे होती. ती त्याने दडवली, कारण त्या घरात बिघाड सांगणारा आणि बिघाड करणारा यांत फरक उरला नव्हता. आम्ही दोष द्यायला बसलो होतो, म्हणून दोष सापडायला आठवडा लागला. आळ घेतला की माणूस स्वतःला वाचवतो, आणि स्वतःला वाचवणारा माणूस माहिती देत नाही. अमेरिकेतल्या वैमानिकांसाठी 1976 पासून एक व्यवस्था आहे. विमान चालवताना झालेली चूक किंवा टळलेला धोका ते नासा या संस्थेला कळवतात, आणि कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहते. चूक सांगणाऱ्याला अभय दिले तरच चूक कळते, हे त्यामागचे साधे शहाणपण.

टोयोटा कारखान्याचे ताइइची ओहनो यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात असेच एक उदाहरण दिले आहे. मशीन बंद पडली, का? फ्यूज उडाला. का? भार जास्त झाला, कारण बेअरिंगला तेल पुरत नव्हते. का? पंप पुरेसे ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नसल्यामुळे लोखंडाचा कीस आत जात होता. पाच वेळा ‘का’ विचारल्यावर ते एका गाळणीपाशी पोचतात. आमच्याकडे पहिल्याच ‘का’ ला उत्तर मिळते ‘हा पोट्टाच तसा’, आणि विचारणे थांबते. मला वाटते, उत्तरात माणसाचे नाव आले की समजावे, अजून एक ‘का’ बाकी आहे. आम्हीही स्क्रूपाशी थांबलो नाही. तो ढिला का झाला? हादऱ्यांनी. हादरे एवढे का? बिट बोथट झाले होते आणि घाईच्या दिवसांत ते बदलायची कोणाला आठवण नव्हती.

सावरगावात बसून दोष देण्याबद्दल लिहायचे आणि गोटमारीचे नाव घ्यायचे नाही, हे जमणार नाही. नागपूरची लेकरे लाकडी बैल ओढतात त्याच दिवशी इथे नदीच्या पात्रात पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा उभा राहतो, आणि दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. एका काठाचा मुलगा, दुसऱ्या काठाची मुलगी, दोघे पळून जाताना नदीत अडकले आणि दोन्हीकडून दगड आले, अशी त्यामागची कथा. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले, ते चालले नाहीत. कथेतल्या त्या दोघांना मारले कोणी, हे आजही सांगता येत नाही, कारण प्रत्येक काठाला गोटा येताना दिसतो तो समोरून. दोष देण्याची रीत हीच आहे. आपल्या काठावरून फेकलेला गोटा मोजला जात नाही.

आता एक आक्षेप, आणि तो रास्त आहे. सगळा दोष जोडात आणि स्क्रूत असेल तर माणूस कशालाच जबाबदार नाही का? स्क्रूला इच्छा नसते, माणसाला असते. गोटा आपोआप उडत नाही, हात तो उचलतो. हे मला मान्य आहे. जाणूनबुजून केलेल्या अपायाला यंत्राचा बिघाड म्हणता येणार नाही. पण जाणूनबुजून केले की नाही हेसुद्धा शोधूनच कळते, देऊन कळत नाही. शिवाय दोषी आणि जबाबदार हे दोन वेगळे शब्द आहेत. दोषी कोण, हा झाल्या गोष्टीचा प्रश्न. जबाबदार कोण, हा उद्याचा. बिट कोणी पाहायचे, मार्करची रेघ कोणी तपासायची, हे ठरवणे म्हणजे जबाबदारी. ती निर्दोष माणसालाही घेता येते. त्या पोराने ती आपणहून घेतली.

आमची मशीन रोज सकाळी सुरू झाली की आधी एका कोपऱ्यातल्या बटणापर्यंत मागे जाते आणि तिथून शून्य धरते. आपण कुठे आहोत हे तिला ठाऊक नसते, म्हणून तिला हे परतणे लागते. आम्हा जैनांच्या घरी ‘प्रतिक्रमण’ हा शब्द रोजचा आहे. पावले मागे घेऊन आपल्या जागी परतणे, हाच त्याचा अर्थ. पोळ्यानंतर चार-पाच दिवसांनी दशलक्षण पर्व सुरू होते, त्याचा पहिला धर्म उत्तम क्षमा, आणि पर्व संपल्यावर आम्ही घरोघरी जाऊन क्षमा मागतो. पण मशीन शून्यावर परतली म्हणून ढिला स्क्रू घट्ट होत नाही. सकाळचे पहिले काम बरोबर येते आणि गाठ आली की पुन्हा घसरते. क्षमा मागून झाल्यावर पुढच्या भाद्रपदात त्याच माणसाची त्याच गोष्टीसाठी पुन्हा क्षमा मागायची वेळ अनेकांवर येते, त्याचे कारण हेच असावे.

क्षमेने अभय मिळते, आणि अभय असले तरच समोरचा माणूस ऐकलेला आवाज सांगतो. एवढे झाल्यावर शोधायचे काम बाकी असते, आणि ते दोघांनी बसून करायचे असते. नुसती क्षमा करून उठून जाणे मला आता अर्धवट वाटते. क्षमा मागायला कोणी दारात आले, तर त्याला आत बोलवावे, बसवावे, आणि आपला जोड नेमका कुठे घसरतो हे विचारावे. हा प्रश्न विचारताना आवाजात आळ नसावा, एवढे मात्र सांभाळावे लागते.