चमच्याला डावा-उजवा नसतो

आजीला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी फलटणला घरीच होते. तिचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिचं सगळं मी अंगावर घेतलं. भरवायचं, केस विंचरायचे, पोलक्याची हुकं लावायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, नात असावी तर अशी. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दीड महिन्यानं एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी आल्या. मी आजीला वरणभात भरवत होते. त्या थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार छान करताय. म्हणूनच त्यांना काही करावं लागत नाही."

हे कौतुक नाही, हे कळायला मला रात्र जावी लागली.

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. पोलकं घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तोच शेवटी काढायचा. चमच्याचा दांडा कापड गुंडाळून जाड केला की पकडायला सोपा जातो. लुळा हातसुद्धा जमेल तेवढा कामात घ्यायचा, कारण न वापरलेल्या हाताला मेंदूही हळूहळू विसरायला लागतो. ना औषध, ना मशीन. ही कसली ट्रीटमेंट, असं मला वाटलं.

ही विद्या भारतात रुजवणाऱ्या बाईंचं नाव मी लहानपणापासून वाचत आले होते, हे मला त्याच दिवसांत कळलं. फलटणमध्ये 'कमला निंबकर बालभवन' ही मराठी माध्यमाची शाळा आहे, १९८६ साली सुरू झालेली. माझ्यासाठी ते नाव रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतं होतं. कमलाबाई मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, जन्म १९००चा. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. पुढे पुन्हा अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० साली मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये या क्षेत्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाचच वर्षं झाली होती.

केईएम हे महापालिकेचं रुग्णालय आणि परळ म्हणजे गिरणगाव. तिथं हात गमावलेल्या माणसाला दया पुष्कळ मिळाली असती. पण दया त्याला कॉटवर झोपवून ठेवते. कमलाबाईंच्या विद्येचा प्रश्न वेगळा आहे : उद्या सकाळी उठल्यावर तुला काय करायचंय?

मी हा प्रश्न अर्धवट ऐकला. भरवणं चुकीचं असेल तर न भरवणं बरोबर, असा मी हिशोब केला. आजीसमोर ताट ठेवलं, डाव्या हातात चमचा दिला आणि उठून गेले. परत आले तर ताट तसंच. ती म्हणाली, "डाव्या हातानं अन्नाला शिवायची नाही मी." मी हट्टाला पेटले, तीही. ती रात्रभर उपाशी राहिली. स्वावलंबनाच्या नावाखाली मी एका ऐंशी वर्षांच्या बाईला उपाशी ठेवलं होतं.

आधी मी तिच्यासाठी सगळं ठरवत होते. नंतरही मीच ठरवत होते. फक्त नाव बदललं होतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात पुनर्वसन म्हटलं की आधी कोयनेचे धरणग्रस्त आठवतात. दुसरीकडे जमीन मिळाली म्हणजे गाव मिळालं का, हा प्रश्न त्या घरांतून अजून ऐकू येतो. शरीराचंही तसंच असावं. हालचाल परत आली म्हणजे माणूस आपल्या देहात पुन्हा वसला, असं होत नाही. कुठं वसायचं आणि कसं, यात त्याचा शब्द चालला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्टबाईंनी आजीलाच विचारलं, "आजी, तुम्हाला काय करायचंय?" दीड महिन्यात हे कुणी विचारलंच नव्हतं. आजी म्हणाली, "माउलींची पालखी येईल तवा दारात बसून वाढायचंय."

मग दोन दिवसांनी तिनं आपणहून चमचा उचलला. डाव्या हातात. मी बघत राहिले तर म्हणाली, "बघतीस काय? चमच्याला कुठं आलाय डावा-उजवा?" तिच्या धर्मात वाट तिचीच तिनं काढली. मी ती काढून देऊ शकले नसते.

आपल्याला अशा गोष्टींचा शेवट सुवर्णपदकानं झालेला आवडतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. 'चंदू चॅम्पियन' पाहून आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण पदक न मिळणाऱ्यांचं काय? ज्याला उद्याही कुणीतरी अंघोळ घालावी लागणार, त्याचं पुनर्वसन फसलं असं म्हणायचं का? खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक सैनिकांचं केंद्र आहे. पुन्हा चालता न येणारी माणसं तिथं राहतात, काम करतात, खेळतात. पाय परत येणं हाच मोजदाद करण्याचा आकडा धरला, तर ती सगळी जागाच अपयश ठरेल.

याचं उत्तर मला पालखीच्या दिवशी मिळालं. वारकरी पंढरपूरपर्यंत गावोगावच्या भाकरीवर चालतो. त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही. उलट वाढणाराच त्याच्या पाया पडतो. म्हणजे दुसऱ्याच्या हातचं घेण्यात कमीपणा नाहीच. घेणाऱ्याची वाट त्याची स्वतःची आहे ना, एवढंच बघायचं.

आजी दारात खुर्चीवर बसली होती. आई भाकरी हातावर ठेवायची आणि आजी डाव्या हातातल्या पळीनं त्यावर पिठलं घालायची. काही सांडलं. कुणी काही म्हणालं नाही.

पोलक्याची हुकं तिला शेवटपर्यंत जमली नाहीत. ती मीच लावायचे. पण आता मी पोलकं घेऊन गेले की ती म्हणायची, "थांब गं, आधी चहा."

मी थांबायचे.