गुण कुणाचा?

मराठीत 'गुण येणे' हा एक फार सोयीचा वाक्प्रचार आहे. काढा घेतला, गुण आला. डॉक्टर बदलला, गुण आला. नवस बोलला, गुण आला. खरं तर घडलेलं एवढंच असतं की आधी काहीतरी केलं आणि नंतर बरं वाटलं. पण 'गुण आला' म्हटलं की या दोन गोष्टींमधला पूल आपोआप बांधला जातो. त्या पुलावरून आमचं अख्खं गाव वर्षानुवर्षं ये-जा करत आलंय. मीसुद्धा.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या उतारावर. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ, तात्याआजोबा, साप उतरवतात. आमच्याकडे 'साप चावला' असं उघड म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. पान लागलेल्या माणसाला तात्यांच्या ओटीवर आणायचं. तात्या त्याला कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, कडू लागला नाही तर चढलंय. मग तांब्याभर पाणी, त्यावर मंत्र. याचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत, कुणाकडचा नारळसुद्धा नाही. रात्री दोनला उठवलं तरी कपाळाला आठी नाही.

हे मुद्दाम सांगतोय. अंधश्रद्धेवरच्या लेखात मांत्रिक आला की तो लुबाडणारा बुवा असतो, आणि बुवाला शिव्या घालणं सोपं असतं. आमचे तात्या भला माणूस. अडचण तिथूनच सुरू होते.

मी बारावीला होतो. लावणीचे दिवस, बाहेर मरणाचा पाऊस. माझा नऊ वर्षांचा चुलतभाऊ जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे तीनच्या सुमाराला तो पोट दुखतंय म्हणून उठला आणि ओकला. काकूला भिंतीच्या कडेने काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटलं. त्याला उचलून तात्यांकडे नेलं. तात्यांनी बॅटरी मारून हातपाय नीट पाहिले. दात उमटलेले नव्हते, सूज नव्हती, पाला कडू लागला. "काही नाही, पोर भ्यालंय. बिनविषारी असेल," म्हणून त्यांनी पाणी मंतरून दिलं.

मी ओटीवर उभा होतो आणि मला मण्यार आठवत होता. शाळेच्या वाचनालयातल्या सापांवरच्या पुस्तकात वाचलं होतं: मण्यार रात्री हिंडतो, घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. चावा इतका बारीक की बऱ्याचदा खूण दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. पोट दुखतं, उलटी होते. काही तासांनी पापण्या जड होतात आणि मग श्वास. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी बोललो नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर तोंड कसं उघडायचं? आणि माझंच चुकलं तर?

दोन तास गेले. उजाडताना त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, आवाज घोगरा झाला. मग धावपळ, शेजाऱ्यांची जीप, जिल्ह्याचं ठिकाण. सर्पदंशाची लस दिली, व्हेंटिलेटर लावला. नऊ दिवस एक यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. दहाव्या दिवशी तो स्वतःहून श्वास घ्यायला लागला. आज तो कॉलेजात आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं क्रिकेट खेळतो.

गावात काय बोललं गेलं ते ऐका. "तात्यांनी आधी मंत्र घातला होता, म्हणून पोर दवाखान्यापर्यंत टिकलं."

नऊ दिवस चाललेल्या यंत्राचा गुण आला नाही. तांब्यातल्या पाण्याचा आला.

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, गाव मूर्ख नाही. गावाने जे पाहिलं त्यावरून निष्कर्ष काढला, फक्त पाहिलं ते अर्धंच होतं. भारतात सापांच्या ३०० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बिनविषारी. आपल्याकडे माणसं मुख्यतः चार सापांनी दगावतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचतोच असं नाही. म्हणजे ओटीवर आलेल्यांपैकी बरेच जण काहीही केलं नसतं तरी वाचलेच असते. तात्यांनी मंत्राऐवजी पाढे म्हटले असते तरी त्यांचा लौकिक तेवढाच राहिला असता.

आणि जे गेले त्यांचं काय? त्यांच्यासाठी उत्तर तयार असायचं. उशिरा आणलं. वाटेत विटाळ झाला. आधी दवाखान्यात नेलं म्हणून मंत्र चालला नाही. वाचला तर मंत्राने, गेला तर दुसऱ्या कशाने. जो दावा कधी नापास होऊच शकत नाही, तो पास झाला या म्हणण्यालाही काही अर्थ उरत नाही. शिवाय वाचलेला माणूस लग्नाकार्यात आपली गोष्ट सांगत फिरतो. गेलेला सांगायला येत नाही.

विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा आणि पांढरे कोट असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ते आधी गेलेल्यांनाही मोजणं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण आपल्या कोकणातलंच. लाल विंचू चावून माणसं मरत, आणि नक्की कशाने मरतात ते कळत नव्हतं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपून ठेवले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध या रुग्णांना देऊन पाहिलं आणि पुन्हा मोजलं. फुप्फुसात पाणी होण्याइतक्या गंभीर रुग्णांपैकी पूर्वी १०० तले २५-३० दगावत, ते प्रमाण १ च्या आसपास आलं. मांत्रिकही खेड्यातला, बावस्करही खेड्यातले. फरक एवढाच की एकाच्या वहीत मेलेल्यांसाठी रकाना होता.

आता माझा खरा प्रश्न. तात्या दोषी आहेत का? त्यांचा स्वतःच्या मंत्रावर मनापासून विश्वास आहे, आणि पोर तर वाचलं.

इंग्लंडमधला विल्यम क्लिफर्ड हा गणितज्ञ होता. १८७७ मध्ये त्याने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, डागडुजी हवी, हे त्याला जाणवतं. पण इतक्या सफरी केल्या, हीही होईल, असं तो स्वतःला पटवतो आणि निर्धास्त होऊन प्रवाशांना पाठवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता, पण तो बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. पुढे तो विचारतो, समजा जहाज सुखरूप पोचलं असतं तर? उत्तर: दोष तेवढाच. फक्त तो उघडकीला आला नसता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तात्या आठवले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी आठवलो. तात्यांना मण्यार कसा चावतो ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ते दोन तास माझे होते. भाऊ वाचला म्हणून मला कुणी काही विचारलं नाही, एवढंच.

आपण म्हणतो, कशाला कुणाच्या श्रद्धेला धक्का लावा? कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली किती आधी कुणाच्या तरी ओटीवर थांबली होती, कोण सांगणार. आणि ओटी आता खिशात आली आहे. परवा एका इंजिनियर मित्राने ग्रुपवर टाकलं, अमुक होमिओपॅथीचे थेंब घरात ठेवा, साप चावला तरी दवाखान्याची गरज नाही. खाली हात जोडलेले सात-आठ इमोजी. त्याने तपासलं नव्हतं. "चांगल्या हेतूने टाकलं रे," म्हणाला. तात्यांचाही हेतू चांगलाच होता. यावेळी मी ग्रुपवरच लिहिलं: हे चूक आहे, हे वाचून कुणी मरू शकतं. साप चावला तर जास्त हलू नका, घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, थेट दवाखाना गाठा. ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. मित्र अजून जरा तुटकच बोलतो.

गेल्या गणपतीत तात्यांशीही बोललो. सगळं सांगितलं, त्या रात्री गप्प बसलो होतो तेही. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "बाबा, रात्री दोनला पावसात माणूस दारात येतो. मी नाही म्हटलं तर त्याने जायचं कुणाकडे? तुझं पुस्तक उठून येणार आहे का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विज्ञानाची बाजू घेणाऱ्याने हे आधी ऐकून घ्यायला हवं. लोक मांत्रिकाकडे जातात ते केवळ अज्ञानाने नाही. तो जवळ आहे, तो दार उघडतो आणि अंगावर खेकसत नाही.

शेवटी आमचं एका गोष्टीवर जमलं. ओटीवर कुणी आलं की आधी जीपवाल्याला फोन करायचा. तात्यांनी मंत्र म्हणायचा तर जीपमध्ये बसून म्हणायचा. जूनपासून तीन जणांना असं नेलं. तिघेही वाचले.

गावात काय बोलतात ते तुम्ही ओळखलंच असेल. तात्यांच्या मंत्राला गाडीत जास्त गुण येतो.

मी खोट्याला हातभार लावतोय का? कधीकधी तसं वाटतं. म्हणून तात्यांना एक वही आणून दिली आहे. तारीख, वेळ, साप दिसला का, दवाखान्यात किती वाजता पोचलो, काय झालं. शेवटचा रकाना दोन्ही शक्यतांसाठी आहे. तात्या स्वतःच्या हाताने, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात तो भरतात. तिसऱ्या नोंदीपुढे त्यांनी न सांगता एक ओळ जास्तीची लिहिली आहे: 'घोणस. लस दिल्यावर उतार.'

'गुण' हा शब्द त्यांनी वापरलेला नाही.