धर्मग्राम आणि ग्रामधर्म

गाव कशाने होते? घरांच्या संख्येने, सातबाऱ्यावरील नावांनी, की माणसांनी एकमेकांच्या घेतलेल्या जबाबदारीने? वर्धा शहराला खेटून असलेल्या पिपरी मेघेकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. २०११ च्या जनगणनेने या गावाची नोंद ‘जनगणना शहर’ अशी केली. किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला निदान चारशे माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर पोट भरणारा, या तीन कसोट्यांना उतरलेले गाव जनगणनेच्या लेखी शहर ठरते; कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच असतो. एकाच गल्लीतील माणसे एका वहीत गावकरी आणि दुसऱ्या वहीत शहरवासी!

वर्धा शहर तरी मुळात कोठून आले? १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला आणि १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी शहर वसवण्यात आले. ब्रिटिश अमदानीत या मुलखात मालगुजारी होती. गावाच्या जमिनीवर, पडितावर, पाण्यावर मालगुजाराचा शब्द चाले. १९५१ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. पुढे शहर वाढले, शेतांचे ले-आउट झाले, नोकरी आणि शिक्षणासाठी आलेल्यांनी घरे बांधली. आता कोणाचे आजोबा येथले आणि कोण काल आला, हे विचारण्याचे कारणही उरलेले नाही. मग हे गाव कोणाचे?

अशा वेळी मन जुन्या गावाकडे धाव घेते. मयताच्या घरी चूल पेटत नसे तेव्हा शेजारच्या घरून भाकरी येत असे. एकाच्या घरचे लग्न साऱ्या आळीचे असे. हे सारे खरे होते. परंतु त्याच गावाला एक शिव होती, वेस होती, आणि वेशीबाहेर ठेवलेली माणसेही होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाला स्पष्ट विरोध केला तो यासाठीच. ज्याला त्या विहिरीचे पाणी मिळाले नाही, त्याने गावाच्या आठवणींनी गहिवरावे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

शिवेचा दुसराही एक उपयोग असतो. इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात ईम नावाचे लहानसे खेडे आहे. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर तेथे प्लेग शिरला असे सांगतात. तेथील धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि धार्मिक मतभेदांमुळे पदावरून दूर झालेले त्यांचे पूर्वसूरी थॉमस स्टॅनली, या दोघांनी मतभेद बाजूला ठेवून गावकऱ्यांना विनविले की रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून कोणीही शिव ओलांडू नये. लोकांनी ते मानले. बाहेरची मंडळी शिवेवरील दगडांपाशी धान्य ठेवीत. मोबदल्याची नाणी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेली असत. सुमारे चौदा महिन्यांत अडीचशेहून अधिक माणसे दगावली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन हीदेखील त्यांत होती. या गावाने शिव राखली ती परक्यांचा जीव वाचावा म्हणून.

आपली शिव आपण कोणासाठी राखतो? स्वतःच्या सोवळ्यासाठी, की दुसऱ्याच्या जिवासाठी? माझ्या मते गावाची खरी पारख या एका प्रश्नात आहे.

वर्ध्याच्या पंचक्रोशीने या प्रश्नाची काही उत्तरे कृतीने दिली आहेत. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य सुरू केले. पुढे सेवाग्रामात परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने पीडित होऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. हे सोपे नव्हते. आश्रमात इतरही माणसे राहत होती, त्यांच्या भीतीचाही विचार करावा लागत होता. तरीही एका माणसासाठी शिव आणखी थोडी बाहेर सरकली. याच वर्ध्यात मगनवाडी येथे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने ग्रामोद्योग संघाचे काम पाहिले. आपण एखादी वस्तू विकत घेतो तेव्हा ती बनविणाऱ्याच्या स्थितीची जबाबदारीही पत्करतो, असा त्यांचा विचार होता. म्हणजे ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही, तोसुद्धा आपल्या गावचाच!

लूकच्या शुभवर्तमानातील शास्त्र्याचा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे: माझा शेजारी कोण? त्याला शिवेची रेघ हवी होती. कोठवर प्रेम करावे आणि कोठे थांबावे याचे माप हवे होते. प्रभू येशूने दयाळू शोमरोनीची गोष्ट सांगितली आणि प्रश्नच उलटवला: जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजार राहण्याने मिळत नाही, तो व्हावा लागतो.

पॅरिश या शब्दाचे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे, त्याचा अर्थ बिऱ्हाड करून परक्या ठिकाणी राहणे असा होतो. मराठीत आपण त्यासाठी ‘धर्मग्राम’ असा शब्द स्वीकारला. आपल्या शब्दात ग्राम आहे, मूळ शब्दात परकेपण आहे. दोन्ही एकत्र ठेवले की अर्थ पुरा होतो. धर्मग्राम म्हणजे परक्यांनी मिळून वसविलेले गाव. पिपरीसारख्या गावात आज जवळजवळ प्रत्येकजण कोठून तरी आलेला आहे. ही उणीव नव्हे, नव्याने गाव उभारण्याची ती संधी आहे. पण त्याचबरोबर जुन्या वेशींच्या जागी कुंपणाच्या भिंती उभ्या राहत आहेत आणि भाड्याने खोली मागायला आलेल्याला आधी आडनाव विचारले जात आहे. हा प्रश्न ख्रिस्ती घरांच्या दारीही विचारला जातो, हे आपण नाकारू नये.

रविवारी मिस्सानंतर आपण ओळखीच्या माणसांशी बोलतो. त्याच वेळी मागच्या बाकावरून कोणी एकटी परिचारिका, शिकायला आलेला विद्यार्थी किंवा बांधकामावरचा परप्रांतीय मजूर मुकाट्याने निघून जातो. तो आजारी पडला तर त्याच्या खोलीत पेज घेऊन कोण जाईल, याचे उत्तर आपल्याजवळ असले, तर आपले धर्मग्राम हे गाव आहे. नसले, तर नोंदवहीत कितीही कुटुंबे असोत, ती केवळ वस्ती आहे.