दुबई किती लांब?

आमचा धाकटा भाऊ बंड्या दुबईला नोकरीला लागला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हळवा मी झालो. "फार लांब गेला हो!" असं बुवापाड्यात भेटेल त्याला सांगत सुटलो. पण बँकेतल्या माणसाचं नुसत्या उसाशावर भागत नाही, त्याला आकडा लागतो. म्हणून एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मुंबई ते दुबई विमानाचं सरळ अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. वेळ तीन-सव्वातीन तास. अंबरनाथ ते व्हीटी (नाव १९९६ सालीच बदललं, पण आमची जीभ अजून बदलीवर जायला तयार नाही) ६० किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे १२०. म्हणजे १६ दिवस बँकेत गेलं की माझी दुबई जवळजवळ होते! फरक इतकाच, की रोज रात्री मी अंबरनाथलाच उतरतो.

पुढची गंमत ऐका. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. सकाळी नऊला इथून उडालेला बंड्या तिथल्या पावणेअकराला उतरतो. नऊची लोकल पकडली तर मीही पावणेअकरालाच शाखेत शिरतो आणि वर साहेबांची बोलणी खातो. परत येताना तर उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे विमान आणखी लवकर पोहोचतं.

हिशेब जुळला. 'दुबई जवळ आहे' असा शेरा मारून मी झोपलो.

पुढं एका गुरुवारी फोन आला. बदलापूरची आक्का पाय घसरून पडली, मनगट मोडलं. बदलापूर म्हणजे अंबरनाथच्या पुढचं स्टेशन. आठ किलोमीटर, दहाएक मिनिटं, तिकीट पाच रुपये. शुक्रवारी बँकेत काम निघालं. शनिवारी पाहुणे आले. रविवारी म्हटलं, मेगाब्लॉक असेल. सबबींच्या बाबतीत आमच्या खात्यात शिल्लक नेहमीच भरपूर.

रविवारी दुपारी पुन्हा फोन. बंड्याचा.

"दादा, आक्काकडून बोलतोय. काल रात्रीच आलो. तू कधी येतोस?"

हा हिशेब मात्र काही केल्या जुळेना. १,९३० किलोमीटरवाला पोहोचला आणि आठवाला घरीच! विमान किती तासांत पोहोचेल ते तिकिटावर छापलेलं असतं. पण खुर्चीतून उठून पायांत चप्पल घालायला माणसाला किती दिवस लागतील, ते कुठल्याच वेळापत्रकात नसतं. आणि मी गावभर सांगत होतो, बंड्या फार लांब गेला म्हणून!

तसाच उठलो, रिक्षा केली. आक्का प्लास्टरमधला हात सांभाळत दारापर्यंत आली. मी बोलणी खायच्या तयारीनं उभा. पण तिच्या बोलण्यात टोमण्याचा लवलेशही नव्हता.

"एवढ्या लांबून आलास," ती म्हणाली, "बस आधी. बंड्या, दादाला पाणी दे."