गुरूचे ऋण आणि देवटेकची शिळा

गुरूच्या मृत्यूनंतर शिष्याकडे त्याचे काही देणे उरते का, आणि उरत असेल तर ते फेडायचे कसे, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्माला येतो. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाच्या व्रताने फिटते. ज्ञान देणाऱ्याची परतफेड धनाने होत नाही, अभ्यास पुढे चालवूनच होते, हा या विभागणीचा सर्वांत मोलाचा भाग. आश्वलायन गृह्यसूत्रात स्वाध्यायानंतरच्या तर्पणात आचार्यांची नावे घेतली जातात. त्यांत गार्गी वाचक्नवी आणि सुलभा मैत्रेयी याही आहेत. ओंजळभर पाणी आधी नव्हे, त्या दिवसाचे अध्ययन झाल्यावर सोडायचे असते.

बौद्ध परंपरा आणखी पुढे जाते. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात की, आपल्या पश्चात धम्म आणि विनय हेच शास्ता, म्हणजे गुरू, असतील. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यामुळे या प्रदेशातल्या असंख्य घरांना हा विचार परका नाही.

गेलेल्यांची स्मृती जपण्याची आणखी एक रीत याच भागात दिसते. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील जंगलात, भामरागड परिसरात, माडिया गोंड समाज मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करतो. विदर्भातील महापाषाणीय दफनांचा अभ्यास करणाऱ्यांना ही जिवंत प्रथा फार महत्त्वाची वाटत आली आहे. दगडावर नाव कोरलेले नसते. तो कोणाचा, हे गाव सांगते. सांगणारे आहेत तोवर दगड बोलतो.

पण अक्षरे कोरली म्हणून स्मृती टिकतेच असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक येथे सापडलेली शिळा हे त्याचे उदाहरण. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख मौर्यकाळातला, ब्राह्मी लिपीतला. प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी ती राजाज्ञा आहे. दुसरा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. दोहोंमध्ये सुमारे सहा शतकांचे अंतर. एकाच दगडावर आधी एका राजवटीचा हुकूम आणि मग दुसरीची श्रद्धा कोरली गेली, आणि पुढे शेकडो वर्षे दोन्ही वाचणारे कोणी नव्हते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (1893–1985) यांनी या लेखांचा बारकाईने अभ्यास केला. लेखातले चिकंबरी म्हणजे देवटेकजवळचे चिकमारा, हे त्यांनी दाखवले. कोकणात जन्मलेल्या या संस्कृतच्या प्राध्यापकाने नागपुरात राहून विदर्भाला त्याचा वाकाटककाळ परत मिळवून दिला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. वाशीमच्या ताम्रपटावरून वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा उलगडा झाला. 1963 साली त्यांनी संपादित केलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतरही त्यांनी नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास शिकवला.

अशा गुरूच्या पश्चात खरी अडचण येते ती निष्ठेची. गुरूचे म्हणणे जपायचे की तपासायचे? मंत्राच्या परंपरेत पाठ जसाच्या तसा सांभाळणे हीच सेवा असते. इतिहासात तसे करता येत नाही, कारण इथे पुरावा गुरूहून मोठा असतो. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे मानले होते. 1967 साली पवनारला उत्खनन झाले. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर रामटेकजवळ मनसर येथे मोठे उत्खनन होऊन वाकाटककालीन वास्तू उजेडात आल्या, आणि अनेक अभ्यासक प्रवरपूर मनसरला असल्याचे मानू लागले. या मतभेदात अनादर शोधणे चुकीचे ठरेल. मनसरच्या बाजूने बोलणाऱ्यालाही ताम्रपटांतील स्थळनामे पाहायला मिराशींचाच खंड उघडावा लागतो. त्यातली अक्षरवाचने आणि तळटीपा पडताळत, पटेल ते घेत आणि न पटेल तिथे कारण देत तो पुढे जातो. ऋषिऋणातल्या अध्ययनाचा इतिहासाच्या विद्यार्थ्यापुरता अर्थ हाच आहे.