खुंटीपासून किती लांब

हैदराबादच्या मराठी घरांत एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो: आपल्या लोकांना धंदा जमत नाही. काचीगुडा, सुलतान बाजार भागातली आमची माणसं रेल्वेत, कोर्टात, सरकारी कचेरीत, नाहीतर विवेकवर्धिनीसारख्या शाळेत. दुकान म्हटलं की ते मारवाड्याचं, चहाचं हॉटेल म्हटलं की इराण्याचं. आमच्यातल्या कुणी दुकान काढलं आणि ते वर्षभरात बंद पडलं, की सगळे हेच वाक्य उच्चारून मोकळे होत. भांडवल किती होतं, जागा कुठे होती, उधारी किती अडकली, हे कुणी विचारत नसे. दोष त्याच्या पिंडातच आहे, असा निर्वाळा दिला की विषय संपला.

पुढे कळलं, की धंदा कुणाला जमतो आणि कुणाला नाही, जवळजवळ हाच प्रश्न घेऊन एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आमच्या शहरात काम करून गेला होता. युसुफगुड्याला लघुउद्योगांसाठी प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. 1960 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही संस्था 1962 मध्ये हैदराबादला आली. नंतर तिचं नाव बदललं, पण जुनी माणसं तिला अजून सिएटच म्हणतात. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलँड यांनी 1964 मध्ये तिथे एक प्रयोग सुरू केला. त्याआधी तीन वर्षं त्यांचं ‘द अचीव्हिंग सोसायटी’ हे पुस्तक आलं होतं. काहीतरी करून दाखवण्याची आस ज्या समाजात तीव्र, तो समाज आर्थिकदृष्ट्या पुढे जातो, हे त्यांचं म्हणणं. ही आस मोजायला त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतल्या गोष्टीसुद्धा तपासल्या होत्या.

त्यांच्या विचाराचा गाभा एका साध्या खेळातून कळतो. जमिनीत खुंटी रोवायची आणि तिच्यावर कडी फेकायची. उभं कुठे राहायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, म्हणजे नेम चुकायलाच नको. काही इतके लांब जातात, की कडी बसली तर नशीब आणि नाही बसली तरी दोष कुणी देणार नाही. आस असलेला माणूस मधलं अंतर निवडतो. तिथून कडी बसणं अवघड असतं, पण अशक्य नसतं, आणि बसली तर ती त्याच्या हाताची करामत असते. मॅक्लेलँड यांना उद्योजक दिसला तो या मधल्या अंतरावर.

गोदावरीच्या मुखाजवळचं काकिनाडा हे बंदराचं गाव त्यांनी निवडलं. तिथल्या पन्नासेक व्यापारी-उद्योजकांना तुकड्या-तुकड्यांनी हैदराबादला आणून दहा दिवस मुक्कामाला ठेवलं. शिबिरात त्यांना चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावल्या, त्या गोष्टींत कोण काय मिळवू पाहतो हे त्यांचं त्यांनाच ओळखायला शिकवलं आणि पुढच्या दोन वर्षांचे बेत कागदावर मांडायला सांगितलं. तुलनेसाठी जवळच्याच राजमहेंद्रीची माणसं होती, ज्यांना हे शिक्षण मिळालं नव्हतं. दोन वर्षांनी पाहिलं, तर शिबिराला गेलेल्यांत नवं काही सुरू करणाऱ्यांचं, पैसे गुंतवणाऱ्यांचं, माणसं कामाला ठेवणाऱ्यांचं प्रमाण न गेलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त होतं. मॅक्लेलँड आणि डेव्हिड विंटर यांनी 1969 मध्ये यावर पुस्तक लिहिलं, आणि उद्योजकता शिकवता येते हा विश्वास भारतभर पसरला. आज जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योजकता शिबिरं भरतात, त्यांचं एक मूळ युसुफगुड्याला आहे.

या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. जात, सोवळंओवळं, पूजाअर्चा, एकत्र कुटुंब यांमुळे हिंदुस्थानी माणूस उद्योगात मागे राहतो, असं त्या काळी बरेच विद्वान मानत. काकिनाड्याच्या माणसांच्या जुन्या समजुती शिबिरानंतरही होत्या तशाच राहिल्या, आणि त्यांचं काही अडलं नाही. फरक दिसला तो निराळ्याच जागी. ज्यांच्या हातात आपल्या पेढीचा कारभार होता, त्यांना शिबिराचा खरा उपयोग झाला. गल्ल्यावर बसलेला पण निर्णयासाठी वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या तोंडाकडे पाहणारा माणूस कितीही पेटून उठला, तरी घरी परतल्यावर करणार काय? या निष्कर्षाला शिबिरांच्या माहितीपत्रकांत फारसं स्थान मिळालेलं मला दिसलं नाही. आस शिकवता येते, हे मात्र सगळ्यांनी उचललं.

चाळीस वर्षांनी याच शहरात दुसरा मोठा प्रयोग झाला, आणि त्याने उलट टोक धरलं. माणसाच्या मनाकडे न पाहता त्याच्या हातात पैसा ठेवून पाहायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो, रॅचेल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी हैदराबादच्या 104 गरीब वस्त्या घेतल्या. त्यांतल्या 52 वस्त्या 2005 मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या आणि पुढे तिथे ‘स्पंदना’ या संस्थेने बायकांच्या गटांना कर्ज द्यायला सुरुवात केली. पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं, फेड 50 आठवड्यांत, गटात सहा ते दहा जणी.

दीड वर्षाने जे दिसलं, त्याने अशा कर्जाच्या समर्थकांची आणि टीकाकारांची, दोघांचीही निराशा केली. कर्ज मिळालं की बाई धंदा उभारील, घर वर येईल, मुलं शिकतील, घरात तिचा शब्द चालेल, ही साखळी जुळली नाही. घराचा एकूण खर्च वाढला नाही. आरोग्य, शिक्षण, बाईचा अधिकार यांत फरक पडला नाही. पण कर्ज उधळलंही गेलं नव्हतं. टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला होता आणि चहा, पान, तंबाखू, सणसमारंभ यांवरचा कमी झाला होता. हप्ता भरण्यासाठी कुठली पुडी बंद करायची, हे त्या घरांनी नीट ठरवलं होतं. आणि कर्ज देणारा दारात येऊनही त्या वस्त्यांतल्या साधारण चारांतल्या एकाच घरात अशा प्रकारचं कर्ज होतं. उरलेल्या तिघांचं मन या आकड्यात मला सर्वांत जास्त वाचावंसं वाटतं.

ऑक्टोबर 2010 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने अशी कर्जं देणाऱ्या संस्थांबाबत वटहुकूम काढला आणि त्यांचं काम राज्यात जवळजवळ थांबलं. 2012 मध्ये संशोधक पुन्हा त्याच वस्त्यांत गेले. कर्ज येण्याआधीपासून ज्यांचा काही ना काही व्यवसाय होता, त्यांचे धंदे आता मोठे झाले होते, कर्जाचा झरा आटल्यावरही. ज्यांनी कर्जाच्या निमित्ताने नव्याने सुरुवात केली होती, त्यांच्यात तसं काही घडलं नव्हतं.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले, की 1964 आणि 2005 एकच गोष्ट सांगताना दिसतात. आस जागवल्याने किंवा पैसा दिल्याने तोच पुढे गेला, ज्याच्या पायाखाली आधीच थोडी जमीन होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा आपण चिकाटीची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत हक्काची बढती डावलली गेली म्हणून ते बेळगावला आले, सायकली विकल्या, लोखंडी नांगर घडवला आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरेपर्यंत धीर धरला. पण बेळगावात त्यांच्या कारखान्याची जागा गेली, तेव्हा औंधच्या राजांनी माळरान दिलं, मदत दिली, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ते माळरान वगळून ही कथा तरुणांपुढे ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांना असं माळरान मिळालं नाही, त्यांना आपण नकळत आळशी ठरवतो.

मराठवाड्याबद्दल तर असं ठरवणं फारच झालं. 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात राहिलेला हा भाग. रेल्वे, पतपेढ्या, तंत्रशिक्षण सगळंच उशिरा पोचलं. 1988 मध्ये औरंगाबादला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झालं, हे चांगलंच झालं. पण तिथल्या एखाद्या शिबिरातून उत्साहाने बाहेर पडलेल्या मुलाला आपल्या तालुक्याच्या बँकेत तारण मागितलं जातं, तेव्हा तो काकिनाड्याच्या त्या धाकट्या भावासारखाच उभा असतो.

आमच्या गल्लीत एक काकू पोळी-भाजीचे डबे देत. त्यांनीही एकदा गटातून साप्ताहिक हप्त्याचं कर्ज उचललं होतं. मोठी परात, गॅसची दुसरी शेगडी आणि जुना फ्रिज घेतला. बावीस डबे झाले. मंगळवारचा हप्ता त्यांनी एकदाही चुकवला नाही. कर्ज फिटलं तेव्हा त्यांना दुप्पट रकमेचं दुसरं देऊ केलं गेलं, ते त्यांनी नाकारलं. मी कारण विचारलं. कणकेचे हात पदराला न लावता, कोपराने केस मागे सारत त्या म्हणाल्या, “अजून दहा डबे घेतले तर हाताखाली बाई ठेवावी लागेल. तिचा पगार आला. उन्हाळ्यात कॉलेजची पोरं गावाला जातात, डबे निम्मे होतात, तेव्हा तिला काय देऊ? आणि सून कामाला जाते, नातू माझ्याजवळ असतो.”

व्यवसाय वाढला का, असा रकाना सर्वेक्षणाच्या कागदावर असतो. काकूंच्या नावापुढे तिथे ‘नाही’ लिहावं लागलं असतं. त्यांनी उन्हाळ्याचे दोन महिने, बाईचा पगार, नातवाची झोपेची वेळ हे सगळं मोजलं होतं, आणि खुंटीपासून आपण कुठे उभं राहायचं ते ठरवलं होतं. त्या रात्रीही बावीस डबे वेळेवर गेले.