अंतर राहू दे, विटाळ नको

पांडुरंगा, कोरोनाच्या साथीमुळे 17 मार्च 2020 ला पंढरपुरात तुझं दार भाविकांसाठी बंद झालं. आत काकडा होत राहिला, नैवेद्य दाखवला जात राहिला, पण दर्शनबारी ओस पडली. तू पायावर डोकं टेकू देणारा देव. किती जणांनी किती कोसांवरून येऊन तुझ्या पायांना हात लावला असेल त्याला गणती नाही, आणि त्या दिवसांत नेमकं हात लावणंच जिवावरचं झालं होतं. चैत्री एकादशी माणसांविना गेली. आषाढीला संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून आल्या. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नव्हती, त्यांनी घरीच टाळ हातात घेतले. आपल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून एवढा मोठा समाज जागच्या जागी थांबला. त्याबद्दल आधी तुझ्यापुढे माथा टेकतो, आणि मग मागायचं ते मागतो.

मागणं पुढच्या खेपेसाठी आहे. नवा विषाणू पुन्हा येईल. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आमच्या पुण्यात झाला होता, शाळकरी मुलगी होती ती. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी, बंद शाळा हे या शहरानं तेव्हाच पाहिलं होतं. पुढे 9 मार्च 2020 ला राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्णही पुण्यातच सापडले. दुबईची सहल करून आलेलं जोडपं. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून घेऊन आलेला टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी. तिसऱ्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं ही जगभराची साथ असल्याचं जाहीर केलं. इतक्या भराभर सगळं घडलं की बातमी पचायच्या आत पुढची येत होती.

देवा, तेव्हा आम्ही घाबरलो, त्यात काही गैर झालं असं मी म्हणणार नाही. फोन लावला की पलीकडून आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या जात होत्या. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली जात होती. लिफ्टचं बटण काडीनं दाबायचं, नोटांवरून इस्त्री फिरवायची, पेपर बंद करायचा. विषाणू मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतो आणि पिशवी-पेपरापासून धोका फार कमी, हे कळायला पुढे बराच काळ गेला. तोवर जे सुचलं ते आयाबायांनी केलं, घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं वाचावीत म्हणून केलं. रात्री साडेअकराला ओट्यापाशी उभं राहून एकेक टोमॅटो पुसणारी बाई तू पाहिलीस. तिच्या हाताला साबणानं चिरा पडल्या होत्या. तिचं भय तुझ्या पायाशी रुजू करून घे. ते प्रेमच होतं.

म्हणूनच भीती काढून घे असं मी मागत नाही. भीती नसती तर कुणी मास्क लावला नसता, लग्नं पुढे ढकलली नसती, वारी थांबली नसती. भीतीला फक्त शेजाऱ्याच्या अंगावर धावू देऊ नकोस, एवढंच मागतो.

कारण ती धावली. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर मतदानाच्या शाईनं शिक्का मारायचं राज्य सरकारनं 16 मार्चला ठरवलं. मुंबईच्या शिक्क्यावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं की मुंबईकरांचं रक्षण करतो याचा अभिमान आहे, आणि खाली कोणत्या तारखेपर्यंत घरात राहायचं ते. ज्यानं तो मजकूर ठरवला त्याचं मन मोठं असलं पाहिजे. घरी थांबणारा माणूस हा गुन्हेगार नाही, तो इतरांना राखतो आहे, असं त्याला म्हणायचं होतं. पण रस्त्यावर ती अक्षरं कुणी वाचली नाहीत. लोकांना फक्त शाई दिसली. दोनच दिवसांत असे शिक्के असलेले प्रवासी पालघरला गाडीतून उतरवले गेले. शिक्का असताना गाडीत बसणं चूकच होतं, आणि त्यांना उतरवणंही योग्यच होतं. पण शिक्क्याकडे पाहायची जी नजर त्या आठवड्यात तयार झाली, तिचं काय करायचं, ते तुलाच विचारतो.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा परदेशी शिकायला गेला होता, तो परत आला. विमानतळावर तपासणी झाली, ताप नव्हता, खोकला नव्हता, नियमाप्रमाणे चौदा दिवस घरात राहणार होता. फाटकावर लाल पेननं फ्लॅटचा नंबर लिहिलेला कागद लागला. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण त्याच्या आईनं वाळत घातलेले कपडे खालच्या मजल्यावरच्यांनी काढायला लावले. दूधवाल्याला त्या मजल्यावर जाऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं. गॅलरीत उभं राहून तो हात मागे लपवत असे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, समोरून कुणी पाहिलं की डावा हात पाठीमागे. सर्वांच्या भल्यासाठी आत बसलेल्या पोराला स्वतःचा हात लपवावासा वाटावा, हे विठ्ठला, माझ्या मनातून जात नाही.

ही रीत आम्हाला नवी नव्हती, म्हणून ती इतक्या लवकर जमली. कुणाची सावली नको, कुणाचं पाणी नको, कुणी पायरीच्या वर यायचं नाही, हे या मातीनं शेकडो वर्षं पाळलं. तुझा चोखोबा तुझ्या दाराबाहेर उभा राहिला आणि त्याची समाधीही महाद्वारापाशी बाहेरच झाली. तुझं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं, तरीही. जी गोष्ट एवढ्या कष्टानं दाराबाहेर काढली, ती साथीच्या आडोशानं मागच्या दारानं आत येऊ पाहते. दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवायचं ते रोग त्याच्याकडून माझ्याकडे येऊ नये आणि माझ्याकडून त्याच्याकडे जाऊ नये म्हणून. हे अंतर दोघांनी दोघांसाठी पाळायचं असतं, आणि त्याची मुदत संपली की ते मिटतं. विटाळ एकानं दुसऱ्यावर लादायचा असतो, आणि त्याची मुदत कधी संपत नाही. आजारातून उठून घरी आलेल्या माणसाच्या हातचा चहा महिनोन्‌महिने कुणी घेतला नाही, तो विटाळच होता. त्याला खबरदारीचं नाव देऊन आम्हाला निजू देऊ नकोस.

ईशान्य भारतातून शिकायला, नोकरीला आलेल्या मुलामुलींना त्यांच्या चेहऱ्यावरून रस्त्यात त्या रोगाच्या नावानं हाका मारल्या गेल्या. त्यांना तुझ्या कुशीत घे. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, अशी थाप मोबाइलवरून गावोगाव गेली आणि पोल्ट्रीवाल्यांना पक्षी मातीमोल भावानं विकावे लागले. काहींनी जिवंत पिल्लं खड्ड्यात पुरली, कारण उद्याच्या खाद्याला पैसे नव्हते. त्या मुक्या जिवांचा आणि कर्जात बुडालेल्या त्या शेतकऱ्यांचा हिशेब कुठल्याच मृत्यूच्या आकड्यात आला नाही. तो तुझ्याकडे असेल.

थापांबद्दल आणखी मागतो. लसणाचं पाणी, कापूर-ओव्याची पुरचुंडी, रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत म्हणून दारं लावून घ्या, असले निरोप ज्यांनी पुढे पाठवले त्यांच्यात वाईट माणसं फार थोडी होती. बहुतेकांना काळजी होती आणि ती काळजी कुठे ठेवायची ते कळत नव्हतं. अशा वेळी खरं सांगणारं कुणीतरी पटकन पुढे येऊ दे. वुहानमध्ये ली वेनलियांग नावाच्या डोळ्यांच्या तरुण डॉक्टरानं 30 डिसेंबर 2019 ला आपल्या सहकाऱ्यांना सावध केलं. पोलिसांनी त्याला बोलावून समज दिली, अफवा पसरवतोस म्हणून कागदावर सही घेतली. 7 फेब्रुवारीला तो त्याच रोगानं गेला. नारायणा, पहिल्यांदा जो सांगतो त्याच्या अंगावर जाण्याआधी त्याचं पुरतं ऐकून घेण्याएवढा धीर राज्यकर्त्यांना दे, कुठल्याही देशाचे असोत. आणि कालचं सांगणं आज बदलावं लागलं तर ते उघडपणे म्हणण्याचं बळ दे. आधी निरोग्यांना मास्कची गरज नाही म्हणाले, एप्रिलमध्ये सर्वांनी लावा म्हणाले. ज्ञान असंच वाढतं, त्यात लाज नाही. पण ते नीट समजावून सांगितलं नाही की लोकांचा विश्वास उडतो, आणि त्या रिकाम्या जागेत थाप येऊन बसते.

जे प्रयोगशाळेत होते, त्यांच्यावर तुझी कृपा राहू दे. सुरुवातीला देशभरातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच येत होते. याच शहरात मीनल डाखवे-भोसले यांच्या चमूनं सहा आठवड्यांत चाचणीचा संच तयार केला. दिवस भरत आलेले असताना त्या काम करत होत्या, संच तपासणीला पाठवला आणि लगेच त्यांना मुलगी झाली. अशा माणसांना यश देण्याबरोबर रात्रीची झोपही दे.

आणि परिचारिका, वॉर्डबॉय, मामा, मावश्या. घरमालकांनी ज्यांना खोल्या सोडायला सांगितल्या, त्या मुली रात्रपाळी करून कुठे गेल्या असतील? 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता सगळा देश गॅलरीत येऊन त्यांच्यासाठी थाळ्या वाजवत होता. त्या थाळ्यांमागची कृतज्ञता खरी होती, मी स्वतः ती अनुभवली. म्हणून वाटतं की तीच माणसं दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा तीच कृतज्ञता टिकली असती तर किती बरं झालं असतं.

पांडुरंगा, पुण्यात पहिले रुग्ण सापडल्याचा दुसरा दिवस, 10 मार्च, हा सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन होता. 1897 ची प्लेगची साथ. गोरे सोजीर घराघरांत घुसून माणसं बाहेर काढत होते, लोक आजारी माणूस माळ्यावर लपवत होते. साथरोगांचा कायदा त्याच वर्षी झाला आणि तोच कायदा 2020 च्या मार्चमध्ये राज्यात लागू केला गेला. त्याच साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं आजारी पोर, पांडुरंग नाव त्याचं, सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात हडपसरला पोचवलं. पोर वाचलं. बाई गेल्या. ज्याला एरवी कुणी शिवलं नसतं, त्याला त्यांनी प्लेगात पाठीवर घेतलं. हे मी सर्वांसाठी मागत नाही, मागायची माझी छातीही नाही, आणि आज मास्क, हातमोजे, चाचण्या असताना कुणाला असं मरावं लागू नये. पण त्या पाठीचा थोडा अंश आमच्या पाठीत येऊ दे. निदान जो रुग्णाला घेऊन निघालाय त्याची वाट आमच्याकडून अडू नये.

24 मार्चला रात्री आठला घोषणा झाली आणि चार तासांनी देश बंद झाला. आमच्यापैकी पुष्कळांनी किराण्याच्या दुकानाकडे धाव घेतली, आणि ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर होतं त्यांनी गावाकडचा रस्ता धरला, डोक्यावर गाठोडं आणि कडेवर मूल घेऊन. आजाराच्या आधी उपास त्यांच्या दारात आला. पुढच्या खेपेला निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आधी ती माणसं उभी कर.

ते पहिलं जोडपं 25 मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, बरं होऊन घरी गेलं. आजाराबरोबर त्यांच्या नावांची चर्चाही त्यांना सोसावी लागली. रुग्णांची नावं मोबाइलवर फिरवू नका असं प्रशासनाला बजावावं लागत होतं. त्यांना, त्यांच्या मुलीला आणि त्या टॅक्सीचालकाला उदंड आयुष्य दे. चालकाला गिऱ्हाईक मिळू दे.

आणि विठ्ठला, आमच्या इमारतीपुरतं एक. फाटकावर कागद लावावाच लागला तर लागू दे, पण त्याआधी त्या घराच्या कडीला गरम जेवणाचा डबा अडकवलेला असू दे. त्यांचं औषध कोण आणणार, कचरा कोण नेणार, हे त्याच संध्याकाळी ठरू दे. वॉचमनला मास्क आम्ही विकत आणून देऊ, ते आमच्या ध्यानात राहू दे. आणि घरकामाच्या मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणताना त्यांच्या हातावर महिन्याचा पूर्ण पगार आधी ठेवायची बुद्धी दे.